हिथक्लिफचा सातबारा

मागच्या हिवाळ्यात वर्गात एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स' ही इंग्रजी कादंबरी शिकवत होते. बाहेर कपाशीचे ट्रॅक्टर जिनिंगकडे चाललेले, त्यांच्यावरच्या गाण्यांत माझा आवाज अर्धा बुडालेला, आणि मागच्या बाकावरचा एक पोट्टा उठून म्हणाला, "मॅडम, प्रेम करावं तं हिथक्लिफसारखं. पोरगी मेली तरी सोडलं नाही त्यानं तिले." वर्ग हसला, एकदोन शिट्ट्या पडल्या, आणि खरं सांगते, मी पण हसले. संध्याकाळी एसटीत खिडकीशी बसले तेव्हा मात्र ते वाक्य डोक्यातून हलेना. सोडलं नाही. आपल्याकडे हे कौतुकानं म्हणतात.

मी शिकवते ते कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या बाजूला. पोरं येतात ती आजूबाजूच्या खेड्यांतून, अर्धी सकाळी वावरात एक फेरी मारून. कादंबरीतलं यॉर्कशायरचं माळरान यांना काय समजणार असं मला सुरुवातीला वाटायचं, आता वाटत नाही. उलट इंग्लंडातल्या वाचकापेक्षा ही कादंबरी आमच्या पोरांना जास्त समजायला पाहिजे, कारण तिच्यात प्रेम जेवढं आहे तेवढीच जमीन आहे. गहाण, वारसा, ताबा, घरचा गडी, नशा करून वावर घालवणारा थोरला पोरगा, हे सगळं आमच्या ओळखीचंच.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक कास्तकार लिव्हरपूल शहरातून रस्त्यावर सापडलेलं एक काळंसावळं पोरगं घरी घेऊन येतो. त्याला आडनावसुद्धा नाही, हिथक्लिफ हेच नाव आणि हेच आडनाव. घरातली पोरगी कॅथरीन आणि तो दिवसभर माळावर हुंदडतात, एकमेकांशिवाय त्यांना करमत नाही. थोरला भाऊ हिंडली त्याचा दुस्वास करतो, आणि बाप मेल्यावर मालक झाल्या झाल्या त्याची शिकवणी बंद करून त्याला सरळ सालगडी करून टाकतो. इकडे कॅथरीन शेजारच्या श्रीमंत लिंटनांच्या हवेलीत पाच आठवडे राहून येते, कुत्रं चावलं होतं म्हणून, आणि येते ती मॅडम होऊन. हिथक्लिफचे मळके हात पाहून आपला ड्रेस खराब होईल म्हणून जपते. नागपूरला हॉस्टेलवर राहून दिवाळीत घरी आलेली पोरगी आणि धुऱ्यावर बसलेला तिचा जुना दोस्त ज्यांनी पाहिला असेल त्यांना यात शिकवण्यासारखं काही नाही. पुढे ती एडगर लिंटनला हो म्हणते, हिथक्लिफ आडून तिचं बोलणं ऐकतो, हिथक्लिफशी लग्न केलं तर माझी पत जाईल एवढंच त्याच्या कानावर पडतं, आणि तो निघून जातो. आपला नि त्याचा आत्मा एकच आहे असं ती पुढे सांगते, ते ऐकायला तो तिथे नसतो.

सिनेमावाल्यांना गोष्ट इथवरच आवडते. १९३९ च्या हॉलिवूडच्या प्रसिद्ध सिनेमात कॅथरीन मेली की पुढची अर्धी कादंबरी सरळ कापून टाकलीय. आपल्याकडे १९६६ मध्ये दिलीपकुमारला घेऊन 'दिल दिया दर्द लिया' याच कथेवरून काढला. म्हणजे जखमी आशिक ही वस्तू विकायला सोपी आहे. एमिली ब्राँटेनं मात्र ती विकायला ठेवली नव्हती असं माझं ठाम मत आहे. पुस्तक छापून आलं डिसेंबर १८४७ मध्ये, ते पण एलिस बेल या पुरुषी नावानं, आणि वर्षभरातच, १९ डिसेंबर १८४८ ला, तिशीतच ती गेली. १८५० च्या आवृत्तीच्या वेळी तिच्याच सख्ख्या बहिणीला, शार्लटला, हिथक्लिफसारखं माणूस निर्माण करणं योग्य आहे का असा प्रश्न पडला आणि तो तिनं प्रस्तावनेत लिहूनही टाकला. घरातलं माणूस बिचकलं, आणि आम्ही त्याचे फोटो स्टेटसला ठेवतो.

माझं म्हणणं साधं आहे. हिथक्लिफला त्याच्या डायलॉगवरून वाचू नका, त्याच्या व्यवहारावरून वाचा. कादंबरीच्या उत्तरार्धाचा सातबारा काढा आणि बघा कोणकोणते फेरफार झालेत.

तीन वर्षांनी तो परत येतो. खिशात पैसा आहे, कुठून आला ते लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. आणि उतरतो कुठे, तर ज्यानं त्याला मारलं त्या हिंडलीच्याच घरी, वर भाडं देऊन. हिंडलीची बायको गेलेली, तो दारूत बुडालेला, रात्रभर पत्ते चालतात, आणि हिथक्लिफ उसने पैसे देत राहतो. एकेक तुकडा गहाण पडत जातो. हिंडली मरतो तेव्हा कळतं की जमिनीचा इंच न् इंच गहाण आहे आणि गहाण घेणारा हिथक्लिफ. वर्गात हे शिकवताना मी फळ्यावर काहीच लिहीत नाही, गरजच नसते. आमच्याकडे तर गहाणखतही करत नाहीत, सरळ खरेदीखत करून घेतात, पैसे आणून दे नि वावर घेऊन जा असं तोंडी सांगतात, आणि पैसे घेऊन गेलं की साहेब गावाला गेलेले असतात. सावकारीत अशी गेलेली जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधकांना देता यावा म्हणून २०१४ च्या सावकारी कायद्यात तरतूद करावी लागली ती काय उगाच नाही. तर हा आपला महान प्रियकर. तीन वर्षं विरहात जळत होता म्हणतात, परत आला तो हिशोब घेऊनच.

पुढे दुसरी जमीन. एडगरची बहीण इसाबेला याच्यावर भाळते. कॅथरीन तिला तोंडावर सांगते की बाई, हा वरून खडबडीत नि आतून हिरा वगैरे नाहीये, लांडगा आहे. तरी ती पळून जाते. पळून जायच्या रात्री हिथक्लिफ तिचं छोटं कुत्रं, फॅनी नाव तिचं, रुमालानं भिंतीतल्या हुकाला लटकवतो. नंतर तोच नेलीसमोर, म्हणजे ही सगळी गोष्ट सांगणाऱ्या घरच्या मोलकरणीसमोर, हसत हसत सांगतो की घरातून बाहेर पडताना हिनं मला पहिल्यांदा काय करताना पाहिलं असेल तर कुत्र्याला फाशी देताना, तरी हिला मी कादंबरीतला हिरो वाटतो. हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचून दाखवते. लेखिकेनं खुद्द हिथक्लिफच्या तोंडून सांगितलंय की मला हिरो समजणारी माणसं येडी आहेत! आणि आम्ही पावणेदोनशे वर्षं तेच करतोय.

इसाबेलाशी लग्न त्यानं कशाला केलं हे लपवलेलं नाही. भावाला मुलगा झाला नाही तर वारस ती, हे त्यानं आधीच विचारून घेतलं होतं. नंतर तिच्यावर चाकू फेकला, तो कानाखाली लागला, ती बर्फातून पळाली, दक्षिणेत लंडनच्या बाजूला जाऊन एकटीनं बाळंत झाली, पोराला बारा-तेरा वर्षं वाढवून मेली. मेल्या मेल्या यानं पोरावर बापाचा हक्क सांगितला. ते आजारी, किरकिरं पोर त्यानं कॅथरीनच्या पोरीशी, म्हणजे धाकट्या कॅथीशी, तिला घरात कोंडून, थोबाडीत मारून लग्नाला उभं केलं, कारण तिच्या बापाच्या हवेलीवर पोराचं नाव लावायचं होतं. तिचा बाप तिकडे मरणाला टेकलेला. नंतर पोरगं मेलं. ते वयानं सज्ञान नसल्यामुळे जमिनीचं मृत्युपत्र त्याला करता येत नव्हतं हे पुस्तकातच लिहिलंय, पण कॅथीकडे ना पैसा ना पाठीशी माणूस, त्यामुळे ताबा हिथक्लिफचाच राहिला. कागद एकाकडे नि ताबा दुसऱ्याकडे. आमच्या तालुका कोर्टातल्या अर्ध्या फायली याच एका वाक्याच्या आहेत.

हे मी ओढूनताणून काढत नाहीये. १९२६ मध्ये सी. पी. सँगर नावाच्या बॅरिस्टरनं या कादंबरीतल्या तारखा, वंशावळ आणि जमिनीचे कायदे तपासून एक निबंध लिहिला होता. एवढ्या वादळी पुस्तकात वारसाहक्काचा एकेक धागा किती काटेकोर आहे हे त्यानं दाखवलं. वेडानं भारलेल्या बाईनं लिहिलेलं पुस्तक असं समजणाऱ्यांनी तो वाचावा. वेड हिथक्लिफचं असेल, एमिलीचं डोकं तलाठ्यासारखं चालत होतं.

आता कॅथरीन. वर्गात मत घेतलं तर पोरांचं बहुमत ठरलेलं असतं, तिनं धोका दिला. आणि हे मत पुस्तकातून येत नाही, गावातून येतं. आमच्याकडे तिशी ओलांडलेली, चार-पाच एकर कोरडवाहू असलेली, लग्न न जमलेली पोरं प्रत्येक गावात पारावर बसलेली दिसतील. पोरींना नोकरीवाला पाहिजे, शेतकरी नको, हे त्यांचं दुखणं खोटं नाही, मी त्याची टिंगल करणार नाही, माझ्या चुलतभावाचं वय छत्तीस आहे आणि काकू दर पोळ्याला तेच एक रडगाणं गाते. पण त्या दुखण्यातून जी शिवी निघते ती शेतमालाच्या भावाला किंवा कोरड्या विहिरीला पडत नाही, ती पडते पोरीला. पोट्टी पैशाले भुलली.

कॅथरीन काय हिशोब करत होती ते तरी ऐका. तिच्या नावावर काही नाही. घर भावाचं, भाऊ दारुडा. ती नेलीला सांगते की हिथक्लिफशी लग्न केलं तर दोघं भीक मागू, एडगरशी केलं तर हिथक्लिफला भावाच्या तावडीतून सोडवून वर आणता येईल. नेली म्हणते, नवऱ्याच्या पैशानं? आणि तिचं बरोबर आहे, आयडिया भाबडी आहे, जरा स्वार्थीपण आहे. कॅथरीन काही देवी नाहीये. हट्टी आहे, लहानपणी नेलीला चिमटे काढते, थप्पड मारते, दोघांनाही जवळ ठेवायचं म्हणून शेवटी तीन दिवस खोलीत कोंडून उपाशी राहते. पण तिच्यासमोर रस्ता एकच होता, कुणाची तरी बायको होणं. आमच्या पोरींना २००५ पासून बापाच्या वडिलोपार्जित वावरात भावाइतकाच हिस्सा आहे, महाराष्ट्रात तर १९९४ पासून वाट मोकळी झाली होती. आणि गावात होतं काय, तर बाप गेला की तेरवी आटोपल्यावर बहिणींना तहसिलात नेतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात, येताना साडी-चोळी. सही केली नाही तर माहेर तुटतं. मी स्वतः केलीय. बी.ए.ला मुलींचे हक्क शिकवत होते त्याच वर्षी केलीय, आणि भावानं घेतलेली ती हिरवी साडी अजून कपाटात घडी न मोडता ठेवलीय. तेव्हा कॅथरीन पैशाला भुलली असं म्हणायच्या आधी तिच्याजवळ स्वतःचं काय होतं ते विचारा.

हिथक्लिफच्या बाजूनं बोलणारे एक मुद्दा काढतात तो मात्र मला सहज उडवून लावता येत नाही, आणि तो काढला एका शांत पोरानंच. म्हणाला, मॅडम, त्याले जात नव्हती म्हणून त्याले ताटाजवळून उठवलं, त्याचं बोला ना. बरोबर आहे. जिप्सी म्हणून हिणवलेला, पाहुणे आले की आत जाऊ न दिलेला, गोठ्यातल्या कामाला जुंपलेला पोरगा. गुढीपाडव्याला साल ठरवून ज्यांचे बाप दुसऱ्याच्या वाड्यात गडी म्हणून राबले त्या घरातली पोरं माझ्या वर्गात आहेत, त्यांना हिथक्लिफचा राग आतून कळतो आणि तो कळलाच पाहिजे. त्याचा अपमान खरा होता. अर्ध्या पुस्तकापर्यंत मी पण त्याच्याच बाजूची असते.

पण मग हिंडलीचं पोरगं त्याच्या हाती येतं. हेअरटन, आई नाही, बाप नुकताच मेलेला. अंत्यविधीच्या दिवशी हिथक्लिफ त्याला टेबलावर उभं करून म्हणतो की बघू आता, तोच वारा लागला तर हे झाड पण तसंच वाकडं वाढतं की नाही. आणि वाढवतो. शाळा नाही, अक्षर नाही, त्याच्याच बापाच्या घरात तो बिनपगारी गडी. त्या घराच्या दारावर दगडात कोरलंय, हेअरटन अर्नशॉ, सन १५००. त्याच्याच पूर्वजाचं आणि त्याचंही नाव. ते पोरगं रोज त्या दाराखालून जातं-येतं आणि त्याला ते वाचता येत नाही. कॅथी विचारते काय लिहिलंय, तर तो म्हणतो असंच काहीतरी फालतू लिहिलेलं आहे. हा प्रसंग शिकवताना दरवर्षी माझा आवाज जरा बसतो. ज्याची शिकवणी बंद केली त्यानं दुसऱ्याची शिकवणी बंद केली, बदला असा झाला. हिंडलीवर हात उगारला असता तर समजून घेता आलं असतं, पण ज्यानं काहीच केलं नव्हतं त्या पोरावर. इसाबेला त्या घरातून जीव घेऊन पळते तेव्हा दारात हेअरटन बसलेला असतो, लहान आहे अजून, आणि खुर्चीच्या पाठीला कुत्र्याची पिल्लं लटकवत असतो. हे त्याला कुणी शिकवलं ते लेखिका वेगळं सांगत नाही.

यात मला आमचा पेपर आठवतो. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं, सात दिवसांनी नागपूरला तिनं प्राण सोडला. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, आरोपीला जन्मठेप झाली. त्या दिवसांत मी रोज सकाळी आमच्या फाट्यावर बससाठी उभी राहायचे तेव्हा मागून मोटारसायकलचा आवाज आला की मान आपोआप वळायची. आणि पेपरात मथळे होते, 'एकतर्फी प्रेमातून'. अजूनही असतात, कुठल्याही जिल्ह्यात असं झालं की छापतात. हा शब्द कुणाचा? पोरीनं तर दिलेला नाही. तिनं नाही म्हटलं होतं. ज्यानं पेटवलं त्याच्या मनात काय होतं ते पेपर त्याच्या वतीनं छापतो, आणि गुन्ह्याला आधीच कारण मिळतं. कुणी वावराच्या वादात खून केला तर आपण 'एकतर्फी मालकीतून' असं लिहितो का?

कायद्याला हा शब्द माहीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये एवढंच आहे की बाईनं नको म्हटल्यावरही वारंवार मागे लागणं, गाठणं, तिच्या मोबाइल-इंटरनेटवर नजर ठेवणं हा गुन्हा. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, दुसऱ्यांदा पाच. तुझं प्रेम किती खरं आहे ते कुणी विचारत नाही. पण पहिल्या वेळी जामीन मिळतो, आणि ठाण्यापर्यंत जायच्या आधीच गावातली शहाणी माणसं बसतात, पोरगं चांगलं आहे, जरा पागल झालं, समजावून सांगू. पोरीचं कॉलेज बंद होतं, पोराचं समजावणं चालू राहतं. माझ्या वर्गातून अशा दोन पोरी गेल्यात, एकीचं तर लगेच लग्नच लावून दिलं.

हिथक्लिफ-कॅथरीनचं एकतर्फी नव्हतं ना, असं कुणी म्हणेल. नव्हतंच. म्हणून तर ते जास्त कामाचं उदाहरण आहे. दोघांचं खरं होतं असं मी पूर्ण मान्य करते. तिला पुरलं त्या रात्री बर्फात तो कबर उकरायला गेला, अठरा वर्षांनी एडगरला पुरायच्या वेळी तिच्या पेटीचं झाकण उघडायला लावलं, आपली पेटी शेजारी आली की माती एक व्हावी म्हणून तिच्या पेटीची एक बाजू सैल करून ठेवली. वाचताना अंगावर काटा येतो, भाषा अशी आहे की मी तर इंग्रजीतच मोठ्यानं वाचते. पण त्या खऱ्या प्रेमानं इसाबेलाच्या कानाखालची जखम भरली नाही, आणि हेअरटनची शाळा सुरू झाली नाही. प्रेम खरं निघालं म्हणून त्यावर कुणाची जमीन, कुणाचं पोर, कुणाचं अंग मिळत नाही. एवढं जरी पोरांच्या डोक्यात गेलं तरी सिलॅबस पूर्ण झालं म्हणेन मी.

शेवटी-शेवटी पुस्तकात दुसरंच एक प्रेम येतं, ते कुणाच्या स्टेटसला दिसत नाही. धाकटी कॅथी हेअरटनला आधी हसते, अडाणी म्हणून चिडवते, मग लाज वाटून त्याला पुस्तक देते, कागदात गुंडाळून. मग तो वाचायला शिकतो, ती शेजारी बसून चुका काढते, चुकला की गालावर हलकी चापट. हिथक्लिफ ते बघतो आणि त्याचा बदल्यातला जीवच निघून जातो, दोन्ही घरं पाडायला आता हात उचलावासा वाटत नाही म्हणतो, आणि थोड्याच दिवसांत मरतो. वर्गात हा भाग कुणालाच आवडत नाही. बोअर आहे मॅडम, म्हणतात. मी पण वीस वर्षांची असताना तो चाळून सोडून दिला होता.

परीक्षेच्या आधी तो मागच्या बाकावरचा पोट्टा स्टाफरूमच्या दारात आला. नोट्स मागायला आला असेल म्हणून मी झेरॉक्सची फाइल काढायला लागले. तर म्हणे, "मॅडम, एक विचारू? ते कुत्रं वाचलं का?"

"कोणतं कुत्रं?"

"ते इसाबेलाचं. हुकाले लटकवलं होतं ते."

वाचलं, म्हटलं. अगदी शेवटचा श्वास चालू होता. नेली तिथून रात्रीची जात होती, तिनं रुमाल सोडवला आणि त्याला बागेत सोडून दिलं.

"हं," म्हणाला, आणि नोट्स न घेताच गेला.